निळी रेषा आणि श्रावकाची मर्यादा

आषाढ शुक्ल चतुर्दशीला वर्षायोगाची स्थापना होते आणि साधू-साध्वींचा विहार थांबतो. पावसाने भिजलेल्या भूमीवर अगणित सूक्ष्म जीव वर येतात, पावलागणिक त्यांची विराधना होण्याचा संभव असतो. म्हणून चार महिने एकाच स्थानी राहण्याची ही मर्यादा आहे. नेमक्या त्याच काळात नदी मात्र आपले पात्र ओलांडून बाहेर पडते. साधू स्थिर होतात तेव्हा नदी विहाराला निघते, असे म्हटले तरी चालेल. तिचा हा विहार कोठवर जातो, याची नोंद शासनाने नकाशावर दोन रेषांनी केली आहे. एक निळी आणि दुसरी लाल. कृष्णा, वारणा आणि पंचगंगा यांच्या काठी व्यापार-उदीम करणाऱ्या कुटुंबांचा या रेषांशी आज ना उद्या संबंध येतो, आणि तो बहुधा जमीन खरेदीच्या वेळी येतो.

सांगलीतील एखाद्या पेढीवर घडू शकेल असा प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपून वडील आणि मुलगा बसले आहेत. दलालाने नदीच्या बाजूची १० गुंठे जमीन आणली आहे. भाव आसपासच्या जमिनीच्या निम्मा. मालाला गोदाम कमी पडते आहे आणि भाड्याच्या गोदामाचा खर्च दरवर्षी वाढतो आहे, ही अडचण खरीच आहे.

"अण्णा, हा भाव पुन्हा मिळायचा नाही," मुलगा म्हणतो. "जमीन निळ्या रेषेच्या आत आहे, हे खरे. पण सहा फूट भराव टाकला की काम होते, असे दलाल म्हणतो. शेजारच्यानेही तसेच केले आहे."

"आणि परवानगी?"

"ती नंतर मिळते म्हणे. रेषासुद्धा बदलणार आहे."

अण्णा थोडा वेळ काही बोलत नाहीत. मग विचारतात, "तू निम्मा भाव देणार. उरलेला निम्मा कोण भरणार, ते दलालाने सांगितले का?"

व्यापाऱ्याच्या तोंडी शोभेल असाच हा प्रश्न आहे. बाजारात कोणतीही वस्तू निम्म्या भावाने विकली जात असेल, तर तिच्या किमतीचा काही भाग कोणीतरी दुसरा, कोठेतरी दुसरीकडे, केव्हातरी नंतर भरणार असतो. नदीकाठच्या जमिनीच्या बाबतीत तो दुसरा कोण, हे समजून घेतल्यावाचून या व्यवहाराचा हिशेब पुरा होत नाही.

दोन रेषांचा अर्थ

महाराष्ट्राच्या पाटबंधारे विभागाने १९८९ मध्ये परिपत्रक काढून पूररेषांची पद्धत ठरवून दिली. सरासरीने २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, किंवा नदीपात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट प्रवाह, यांपैकी जो अधिक असेल त्याचे पाणी जेथवर पोहोचते ती निळी रेषा. सरासरीने १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या महापुराचे पाणी जेथवर जाते ती सर्वसाधारणपणे लाल रेषा. पात्रापासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध क्षेत्र आणि निळ्या रेषेपासून लाल रेषेपर्यंतचा पट्टा नियंत्रित क्षेत्र मानला जातो.

राज्याची एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० मध्ये लागू झाली. मुंबईसारखी काही क्षेत्रे वगळता राज्यातील बहुतेक शहरांना ती लागू आहे, आणि तिने या दोन पट्ट्यांचे नियम स्पष्ट केले आहेत. निषिद्ध क्षेत्रात नवी इमारत उभी करता येत नाही. उद्यान, मोकळे मैदान, वाहनतळ, उघडा भाजीबाजार, स्मशानभूमी, सांडपाणी शुद्धीकरण केंद्र, जलवाहिन्या अशा मोजक्या उपयोगांना तेथे मुभा आहे. पूर्वीपासून असलेल्या अधिकृत इमारतीची पुनर्बांधणी पाटबंधारे खात्याच्या ना-हरकतीने करता येते. मात्र जोत्याची पातळी लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटरने, म्हणजे सुमारे दीड फुटाने, उंच असावी लागते. नियंत्रित क्षेत्रातील बांधकामालाही जोत्याची हीच अट आहे.

या रेषांविषयी एक गैरसमज व्यापारी वर्गातही सर्रास आढळतो. '२५ वर्षांतून एकदा' म्हणजे एकदा पूर येऊन गेला की पुढची २४ वर्षे निश्चिंती, असा अर्थ लावला जातो. प्रत्यक्षात तो सरासरीचा आकडा आहे. त्याचा अर्थ इतकाच की कोणत्याही एका वर्षी पाणी त्या रेषेला पोहोचण्याची शक्यता शेकडा ४ आहे. मागील वर्षी पूर आला म्हणून चालू वर्षाची शक्यता कमी होत नाही. या हिशेबाने २५ वर्षे टिकणाऱ्या गोदामाला त्या मुदतीत एकदा तरी पुराला तोंड द्यावे लागण्याची शक्यता शेकडा ६४ च्या घरात जाते. ज्या सौद्यात तोटा होण्याची शक्यता नफ्याहून जास्त आहे असा सौदा कोणताही जाणता व्यापारी मालाच्या बाबतीत करणार नाही. जमिनीच्या बाबतीत मात्र तो डोळे झाकून केला जातो.

कृष्णेने दिलेला अनुभव

सांगलीचा आयर्विन पूल १९२९ मध्ये वाहतुकीस खुला झाला. त्याच्या खांबावरील पातळी हाच शहराचा पर्जन्यकाळातील पंचांग असतो. तेथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानतात. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी पाणी ५० फुटांच्या वर गेले. ऑगस्ट २०१९ मध्ये तर ते ५७ फुटांच्याही वर चढले. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. तेथे २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे आणि २०२१ मध्ये ५६ फुटांच्या पुढे गेले. सोळा वर्षांत तीन महापूर, हा या खोऱ्याचा अनुभव आहे.

यामागची भौगोलिक कारणे जुन्या माणसांना ठाऊक आहेत. सह्याद्रीवर पडलेला पाऊस कोयना आणि वारणा खोऱ्यांतून खाली येतो. सांगलीच्या परिसरात कृष्णेचा उतार फार कमी होतो आणि ती वळणे घेत संथ वाहते. शहराला लागूनच हरिपूर येथे वारणा तिला मिळते, पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा मिळते. या नद्या एकाच वेळी भरून आल्या म्हणजे सांगलीच्या पाण्याला पुढे सरकण्यास वाट उरत नाही आणि ते काठावर पसरते. धरणांच्या विसर्गाविषयी दोन राज्यांत चर्चा चालू राहील, आणि ती चालू राहिली पाहिजे. परंतु काठावर पसरणाऱ्या पाण्याला जागा ठेवणे ही बाब गावाच्या हातातील आहे.

पूर्वीच्या माणसांनी नदीचा हा स्वभाव ओळखून वास्तू बांधल्या. नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात पुराचे पाणी पादुकांवरून जाऊन दक्षिणद्वाराने बाहेर पडते. त्या वेळी उत्सवमूर्ती वर हलविली जाते आणि पाणी ओसरल्यावर नित्यक्रम पुन्हा सुरू होतो. तेथे नदीला अडविलेले नाही, वाट दिलेली आहे.

याच परिसरात व्यापाऱ्यांनी एक वेगळा धडाही घेतला. हरिपूरच्या जमिनीत खोल पेवे खोदून त्यांत हळद साठविण्याची पद्धत सांगलीच्या हळद बाजाराचे वैभव होती. तेथील मातीत हळद दीर्घकाळ कीड न लागता राहत असे. २००५ च्या पुराचे पाणी या पेवांत शिरले, माल नासला आणि बहुतेक साठवण जमिनीवरील गोदामांत व शीतगृहांत गेली. पिढ्यान्‌पिढ्या विश्वासाची ठरलेली जागाही नदीच्या आवाक्यातच होती, हे एका पावसाळ्याने दाखवून दिले. २०१९ मध्ये गणपती पेठेसारख्या जुन्या बाजारपेठेत पाणी शिरले तेव्हा घाऊक दुकानांतील माल वर चढविण्यासही अनेकांना वेळ मिळाला नाही. ज्यांची दुकाने होती त्यांनी पुन्हा उभी केली. हातगाडीवाला, हमाल, दुकानावरचा नोकर यांना पुन्हा उभे राहण्यास किती काळ लागला, याचा हिशेब कोणत्या खतावणीत लिहिला गेलेला नाही.

भरावाचा हिशेब

आता त्या १० गुंठ्यांकडे पुन्हा वळावे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. दहा गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट. त्यावर सहा फूट भराव टाकला म्हणजे ६५,३४० घनफूट जागा मातीने व्यापली. तेवढ्या जागेत सुमारे साडेअठरा लाख लिटर पाणी राहिले असते. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर हे १८५ टँकर होतात. पूर आला म्हणजे हे पाणी नाहीसे होत नाही. ते शेजारच्या भराव नसलेल्या जागेत, समोरच्या काठावर आणि खालच्या वस्तीत जाते.

एका भूखंडाने नदीची पातळी काही इंचही वाढणार नाही, असे यावर कोणी म्हणेल, आणि ते खरे आहे. परंतु भूखंड एकटा नसतो. शेजारच्याने केले म्हणून हा करतो, याने केले म्हणून तिसरा करतो. शंभर जणांनी तेच केले तर १८,५०० टँकर पाण्याची जागा गेली. शिवाय भराव नुसती साठवण कमी करीत नाही. पसरून पुढे सरकणाऱ्या प्रवाहाची वाटही तो अरुंद करतो, आणि मग वरच्या बाजूला पाणी तुंबते. कोल्हापूरजवळ शिरोली येथे २०१९ आणि २०२१ मध्ये पुण्याहून बंगळुरूकडे जाणारा महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला, तेव्हा रस्त्यांच्या उंच भरावांनी पाणी अडते ही तक्रार काठावरच्या गावांनी मोठ्याने मांडली. मातीचा प्रत्येक ढीग पाण्याला कोठेतरी ढकलतो, एवढेच त्या तक्रारीचे मर्म आहे.

अण्णांच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. उरलेला निम्मा भाव तो भरतो ज्याचे घर भरावाच्या खालच्या बाजूला आहे. सांगलीत पाणी चढू लागले की सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर या वस्त्यांत ते प्रथम शिरते. तेथे राहणाऱ्यांपैकी बहुतेकांनी स्वस्त म्हणूनच जागा घेतली. त्यांच्या घरात आलेल्या पाण्यात इतरांच्या भरावाने सारलेले पाणीही असते, पण त्यावर कोणाचे नाव लिहिलेले नसते.

गुंठेवारीचा प्रश्न यातूनच बिकट झाला. तुकडे पाडून विकलेल्या जमिनींवर वस्त्या उभ्या राहिल्या आणि त्यांना नियमित करण्यासाठी २००१ मध्ये राज्याला कायदा करावा लागला. २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढविण्यात आली. गरिबाच्या डोक्यावरचे छप्पर वाचावे यासाठी असे कायदे लागतात, हे मान्यच करावे लागेल. परंतु दाखला मिळाल्याने कागद नियमित होतो, जमिनीची पातळी तीच राहते.

व्रतांच्या दृष्टीने

श्रावकाच्या व्रतांमध्ये या प्रश्नाचा विचार नाही, असे समजणे चूक ठरेल. दिग्व्रत म्हणजे दाही दिशांना आपल्या हालचालीची आणि व्यवहाराची सीमा आखून घेणे. ही सीमा मनाने धरून भागत नाही. ती सर्वांना ठाऊक असलेल्या खुणांनी ओळखता यावी, असे रत्नकरंडक श्रावकाचारात आचार्य समंतभद्र सांगतात, आणि त्या खुणांमध्ये समुद्र, पर्वत, अरण्य यांच्याबरोबर नदीचाही उल्लेख आहे. नदी ही श्रावकाच्या दृष्टीने फार पूर्वीपासून एक सीमा आहे. फरक एवढाच की पाण्याळ्यातील नदी कोठे संपते, हे आता नकाशावर आखून मिळते.

तत्त्वार्थसूत्रात दिग्व्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत त्यांतील दोन येथे विशेष लक्षात घेण्यासारखे आहेत. पहिला क्षेत्रवृद्धी, म्हणजे लोभामुळे ठरविलेली सीमा वाढवून घेणे. दुसरा स्मृत्यंतराधान, म्हणजे आखलेल्या सीमेचे विस्मरण होणे. भराव टाकून काठ पुढे नेणे हे क्षेत्रवृद्धीचे दृश्य रूप मानता येईल. आणि पूर ओसरल्यावर दोन वर्षांत रेषा विसरून जाणे हे दुसऱ्या अतिचाराचे. विसरण्यालाही दोष मानणारी ही दृष्टी किती व्यवहारी आहे, हे पूरग्रस्त गावात राहणाऱ्यास सहज पटेल.

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत विरुद्धराज्यातिक्रम येतो. राज्याने लोकहितासाठी घातलेले निर्बंध चुकवून व्यवहार करणे, असा त्याचा आशय घेतला जातो. खोट्या वजनमापाचा दोषही याच यादीत आहे. एका बाजूला तागडीत दांडी मारणे आणि दुसऱ्या बाजूला परवानगी नंतर मिळेल या भरवशावर निषिद्ध क्षेत्रात बांधकाम करणे, हे दोन्ही प्राचीन आचार्यांनी एकाच व्रताखाली मोजले आहेत. तागडीला हात न लावणारा व्यापारी रेषेच्या बाबतीत सैल राहतो, याचे कारण दांडी मारल्यावर समोरचा गिऱ्हाईक दिसतो. भराव टाकल्यावर ज्याचे नुकसान होते तो दिसत नाही.

श्वेतांबर परंपरेत श्रावकाला वर्ज्य ठरविलेल्या पंधरा कर्मादानांमध्ये सरःशोष, म्हणजे तळी, डोह, सरोवरे आटविण्याचा व्यवसाय, गणला आहे. योगशास्त्रात आचार्य हेमचंद्रांनी या कर्मादानांचे विवेचन केले आहे. पाणथळ जागा आटली की अप्काय जीवांबरोबर त्या पाण्याच्या आश्रयाने जगणाऱ्या त्रस जीवांचाही घात होतो, हा त्यामागचा विचार आहे. ओढा बुजविणे, नदीकाठचा डोह मुरमाने भरणे, हे त्याच वर्जित व्यवसायाच्या जवळचे आहे. हा व्यवहार करणारा स्वतः फावडे हाती घेत नाही, डंपर पाठवितो. पण करणे, करविणे आणि अनुमोदन देणे या तिन्ही वाटांनी कर्माचा आस्रव होतो, हे जैन घरातील मुलाला लहानपणापासून शिकविले जाते.

जमीनमालकाची बाजू

एवढे सांगून थांबणे न्यायाचे होणार नाही. रेषा आखली गेली त्यापूर्वीच ज्याने प्रामाणिकपणे जमीन घेतली, ज्याची आयुष्याची बचत त्या चार गुंठ्यांत आहे, मुलीचे लग्न किंवा मुलाचे शिक्षण ज्याने त्या जमिनीच्या भरवशावर ठरविले, त्याला एके सकाळी कळते की आपली जमीन निषिद्ध क्षेत्रात आली. त्याने कोणता नियम मोडलेला नाही. समाजाच्या सुरक्षिततेचा भार त्याच्या एकट्याच्या डोक्यावर पडतो. त्याचे दुःख खोटे नाही, आणि त्याला उपदेश करणे सोपे असले तरी उपयोगाचे नाही.

नियमावलीत त्यासाठी काही सोय आहे. विकासयोग्य विभागातील भूखंडाचा एक भाग निळ्या रेषेच्या आत आणि उरलेला बाहेर असेल, तर आतील भागाचा चटई निर्देशांक बाहेरच्या भागावर वापरू देण्याची तरतूद आहे. नदीला जागा मोकळी ठेवायची आणि बांधकामाचा हक्क थोडा मागे सरकून वापरायचा, असा हा मार्ग आहे. ज्यांची जमीन दोन्ही बाजूंनी पसरली आहे त्यांनी ही सोय जाणकार वास्तुविशारदाकडून समजून घ्यावी; भराव टाकण्याची गरजच त्यातून अनेकदा उरत नाही. ज्यांची सगळी जमीन आत गेली त्यांची अडचण मात्र मोठी आहे. त्यांना योग्य मोबदला मिळावा किंवा पर्यायी हक्क मिळावेत, ही मागणी समाजाने त्यांच्याबरोबर उभे राहून केली पाहिजे. रेषेचा आग्रह धरणाऱ्यांनी रेषेमुळे ज्याचे नुकसान झाले त्याला एकटे सोडले, तर तो आग्रह पोकळ ठरतो.

रेषा सर्वांना सारखी असावी, हीदेखील तितकीच महत्त्वाची बाब आहे. लहानाचे दोन खोल्यांचे बांधकाम पाडले जाते आणि मोठ्याची इमारत उभी राहते, असे जेथे दिसते तेथे लोकांचा नियमावरील विश्वास उडतो. २०१९ च्या पुरानंतर शासनाने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यास समिती नेमली आणि २०२० मध्ये तिचा अहवाल सादर झाला. असे अहवाल येतात, चर्चा होते आणि पुढचा पावसाळा येईपर्यंत विषय मागे पडतो. नियम कसे मागे घेतले जातात याचेही उदाहरण राज्यासमोर आहे. नद्यांच्या पाण्याच्या वर्गवारीनुसार प्रदूषणकारी उद्योगांना पात्रापासून ठरावीक अंतरावर ठेवणारे नदी नियमन क्षेत्र धोरण महाराष्ट्राने २००० मध्ये आणले होते. ते २०१५ मध्ये रद्द झाले. पूरक्षेत्राच्या नियमनासाठी केंद्राने १९७५ मध्येच राज्यांकडे नमुना विधेयक पाठविले होते, पण त्यानुसार कायदा करणारी राज्ये मोजकीच निघाली. नदीच्या बाजूने बोलणारा कोणी नसला की नियम किती सहज विरतात, हे यावरून दिसते. व्यापारी वर्गाचा आवाज नगरपालिकेत आणि महापालिकेत ऐकला जातो. तो आवाज नेहमी सवलत मागण्यासाठीच उठावा, असे नाही.

खरेदीपूर्वी पाहण्याच्या गोष्टी

नदीच्या परिसरात जमीन किंवा गाळा घेण्यापूर्वी काही चौकशी प्रत्येक कुटुंबाने करावी. सातबारा किंवा मिळकत पत्रिका पाहून भागत नाही, कारण पूररेषेची नोंद तेथे सापडेलच असे नाही. नगररचना विभागाकडून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्यावा. पाटबंधारे खात्याच्या पूररेषा नकाशावर आपला गट क्रमांक कोठे येतो, ते लेखी विचारावे. तोंडी उत्तरावर विसार देऊ नये. साठेखत करताना भूखंड पूररेषेच्या संदर्भात कोठे आहे, हे विक्रेत्याकडून लिहून घ्यावे. जो विक्रेता हे लिहून देण्यास कचरतो त्याने न बोलता उत्तर दिलेले असते.

त्यानंतर शेजारच्या जुन्या रहिवाशांना भेटावे. २००५ मध्ये पाणी कोठवर आले, २०१९ मध्ये कोठवर आले, ते किती दिवस राहिले आणि प्रथम कोणत्या बाजूने शिरले, हे त्यांना नकाशापेक्षा नेमके सांगता येते. जागेवर अलीकडे भराव पडला आहे का, तेथून जाणारा ओढा बुजविला आहे का, हे पाहावे. गोदाम असेल तर विमापत्रात वादळ आणि पूर यांचे संरक्षण आहे की ते वगळले आहे, हे वाचून घ्यावे.

समाजाच्या संस्थांनाही हेच लागू आहे. मंगल कार्यालय, विद्यार्थी वसतिगृह, धर्मशाळा, स्वाध्याय भवन यांसाठी दाते नदीकाठची जमीन देतात, तेव्हा दान नाकारणे विश्वस्तांना जड जाते. पण कार्य पुण्याचे असले म्हणून पाणी वेगळ्या वाटेने जात नाही. अशा जागेवर बाग किंवा वृक्षराजी करून तिला दात्याचे नाव देता येते आणि इमारतीसाठी उंचावरील जागा शोधता येते.

पेढीवरचा तो संवाद येथे पुन्हा आठवावा. अण्णांनी मुलाला नाही म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून जागेवर जावे, एवढेच ते म्हणाले. जागेशेजारी एक जुने घर होते. त्याच्या भिंतीला नुकताच पांढरा रंग दिलेला होता, पण दाराच्या चौकटीवर मालकाने दोन आडव्या खुणा तशाच राखल्या होत्या आणि त्यांच्यापुढे खडूने साले लिहिली होती. वरची खूण मुलाच्या डोक्याच्या वर होती.

"रंग देताना ह्या का ठेवल्या, काका?" मुलाने विचारले.

"विसरू नये म्हणून," घरमालक म्हणाले. "तुम्ही भराव टाकला, तर तिसरी खूण याच्याही वर काढावी लागेल."

परतताना मुलाने दलालाला दूरध्वनी करून सौदा करणार नसल्याचे सांगितले आणि अण्णांना विचारले, "मग गोदामाचे काय करायचे?"

"भाडे अजून दोन वर्षे भरू," अण्णा म्हणाले. "तोवर उंचावरची जागा शोधू. महाग पडेल. पण ती किंमत आपली आपण भरलेली असेल."

भाद्रपदात क्षमापनेचा दिवस येतो आणि सर्व जीवांची क्षमा मागितली जाते. त्या वेळी नदी बहुधा ओसरू लागलेली असते आणि काठावरच्या भिंतींवर तिच्या पाण्याची रेघ अजून ओली असते. ज्यांच्या घरात ही रेघ उमटली त्यांचीही क्षमा त्या दिवशी मागितली जाते. पुढल्या वर्षी ती रेघ आपल्यामुळे वर चढू नये, एवढी काळजी घेणे प्रत्येक व्यापारी कुटुंबाला शक्य आहे.